वाचणाऱ्या बेबीताई

"कालचंच पान आज पुन्हा वाचलं तुम्ही, आई," रेणुका म्हणाली. "मी समोरच बसले होते."

"मंग तवाच काऊन नाही बोलली?" बेबीताई सुनेवर कडाडल्या.

"सगळ्यांसमोर?"

"लोकाइनं तं साधू साधू म्हटलं."

"ते रोजच म्हणतात."

डोणगावच्या बौद्ध विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. एकजण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात आणि शेवटी 'साधू साधू' म्हणतात. आधी इंद्रभान वाचायचे; ते गेल्यावर ती जागा त्यांच्या बायकोकडे, बेबीताईंकडे आली. चौथी शिकलेली, दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाणारी बाई वाचणार म्हणून विहारात रोज येणाऱ्या भगवानरावांनी तेव्हा नाक मुरडलं होतं. बेबीताई दुपारच्या भाकरीनंतर बांधावर बसून संध्याकाळचं पान घोटायच्या. वाचताना कधी अडखळल्या नाहीत. पुढे गाव त्यांना 'वाचणाऱ्या बेबीताई' म्हणूनच ओळखू लागलं.

मग शुगर डोळ्यांत उतरली. डावा गेला, उजवाही राहणार नाही, असं चिखलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी येऊन बेबीताई एवढंच म्हणाल्या, "डाक्टर चष्मा बदला म्हणते." अक्षरं पुसट झाली तशा त्या पाठ असलेलं म्हणू लागल्या. पानं तेवढी उलटत राहिल्या.

"दिसते किती तुले? खरं सांग," त्यांच्या मुलानं, चंद्रशेखरनं विचारलं.

"पान पांढरं दिसते."

तो म्हणाला, "रेणुका शाळेत पोराइले शिकवते ना, तसं कर. स्किम."

"ते काय असते?"

रेणुकाला सांगायचं नव्हतं, तरी सांगितलं. "नजर वरवर फिरवायची. कामाचं तेवढं उचलायचं, बाकी सोडायचं. मूळ शब्द फेसाचा. उकळत्या भांड्यावरचा फेस, दुधावरची साय पळीनं काढतो ना, त्याला इंग्रजीत तेच म्हणतात. मग तसं वाचण्यालाही म्हणायला लागले. परीक्षेत उतारा मोठा, वेळ थोडा असला की पोरांना सांगते मी. पेपर चाळायला ठीक आहे."

"म्हणजे ग्रंथ बी चाळाचा?"

"ठळक ओळी मी मोठ्या अक्षरात लिहून देतो," चंद्रशेखर म्हणाला. "तेवढ्याच वाच. कोणाले समजत नाही. आज समजलं का? नाही तं भगवानराव टपूनच हाये, आपल्या सुनेले तिथं बसवाले."

"त्याले समजलं."

"बोलला काही?"

"नाही. उठतानी माह्या चपला शोधून पायापुढं आणून ठेवल्या त्यानं. कधी धड बोलला नाही माह्याशी, तो मानूस."

रेणुकानं कुकरखालचा गॅस बारीक केला.

"मग रेणुका वाचीन," चंद्रशेखर हळूच म्हणाला. "जागा घरात राहीन."

"घरात ठेवाले ते काय कपाट हाये?" बेबीताई भिंत चाचपत उठल्या. "उद्या विहारात मी सांगतो, मले दिसत नाही. वाचाले भगवानरावची सून बसीन. मी मांग बायाइत बसतो."