वीतभर इंजिन

राजुरीला रस्त्याकडेला आमचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती बैलगाडीत नाहीतर मोटरसायकलवर आडवी टाकून घेऊन यायचा. आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसायची, वेढे मोजायचे आणि तितक्याच वेढ्यांनी नवी तार बसवायची, असा हा धंदा. लग्न होऊन शिनोलीहून आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण दुकान ओसरीतच असल्यामुळे येता-जाता बघत राहिले, मग एक दिवस हात लावला, आणि चार-पाच वर्षांत मिक्सर, पंखे अशा लहान मोटारी आपोआप माझ्याकडे आल्या. नवऱ्याची बोटं जाड. बारीक तार त्यांच्या हातात तुटायची. विहिरीच्या मोटारी त्यांच्या, मिक्सर माझे, अशी वाटणी झाली आणि मिक्सरचे पैसे माझ्याकडे राहू लागले.

नारायणगावात भांडी आणि मिक्सर विकणारे एक शेठ होते. मूळचे मारवाडातले जैन, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या, बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. त्यांच्या गिऱ्हाइकांचे जळालेले मिक्सर ते आमच्याकडे पाठवायचे. नव्वद सालानंतरची गोष्ट आहे, सत्त्याण्णव किंवा अठ्ठ्याण्णव असेल. एकदा मिक्सरांबरोबर त्यांनी पुठ्ठ्याच्या डब्यात एक खेळण्यातलं आगगाडीचं इंजिन आणलं. त्यांच्या मुंबईच्या व्याह्यांचं होतं, चालत नव्हतं.

मी ते उघडलं. आत बिघाड असा नव्हताच. गालिच्याची लोकर आणि कुणाचा तरी लांब केस आसाभोवती गुंडाळून बसला होता. चिमट्याने केस ओढून काढला, दोन तारा लावल्या, चाकं फिरायला लागली. पण मी काही ते लगेच बंद केलं नाही. आत माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान मोटार होती, आणि तिच्यावरची तार माझ्या केसाएवढी. आमच्याकडे सगळ्यात बारीक तार म्हणजे पंख्याची. ती या तारेपुढे सुतळी वाटली असती. एवढी बारीक तार कुणी भरली असेल, कशावर धरून भरली असेल, हे मला कळेना. त्यात सेलही नव्हते. वीज एका रुळातून चाकात येत होती आणि दुसऱ्या चाकातून दुसऱ्या रुळात जात होती. ते इंजिन मी दोन दिवस उगाच ठेवून घेतलं.

शेठ न्यायला आले तेव्हा मी विचारलं, असं नवं केवढ्याला मिळतं. त्यांनी आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत घरातले दोन पंखे आले असते. शेठनी माझ्याकडे बघितलं आणि दुकानदारासारखंच विचारलं, "वहिनी, तुम्हाला त्यात नक्की काय पाहिजे? रूळ, डबे, स्टेशन, की नुसतं इंजिन?"

मी म्हटलं, "मोटार."

"मग सेटच्या वाटेला जाऊ नका. पुण्याला जुन्या बाजारात सुटी इंजिनं येतात कधीकधी. आणि सेलवर चालणारं प्लास्टिकचं घेऊ नका, त्यात बघण्यासारखं काही नसतं."

तो सल्ला मी गाठीशी बांधला. पुढचं वर्षभर मिक्सरच्या पैशातले थोडे वेगळे ठेवत गेले. फार साठले नाहीत. त्यात मुलीची शाळा होती, घरात लागेल ते होतं. शेवटी एका रविवारी दुकानाची तार आणायला पुण्याला जायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, मी जाते. आळेफाट्यावरून एसटी धरली. पर्समध्ये नऊ व्होल्टचा चौकोनी सेल, दोन वायरी आणि आमचा लहान टेस्टर घेतला होता. विकणारा 'चालतंय' म्हणतो त्यावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही.

जुन्या बाजारात पसरलेल्या चादरींवर काय नव्हतं. कॅमेरे, नळाच्या तोट्या, विमानाचं वाटावं असं एक घड्याळ. तासभर हिंडल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थाकडे दोन इंजिनं दिसली. एक पिवळं डिझेलचं, बुटकं, प्लास्टिकचं. दुसरं काळं, वाफेचं, लोखंडासारखं जड, चाकांना जोडदांडे असलेलं. मी सेल लावून बघू का विचारलं. त्यांना नवल वाटलं, पण बघा म्हणाले. पिवळं टुणकन उडी मारून चालू झालं. त्याचे त्यांनी जेवढे पैसे मागितले तेवढे माझ्याकडे होते, पण मग परतीच्या भाड्याची पंचाईत होती. काळ्याला सेल लावला, काही झालं नाही. टेस्टर लावला. तीन कॉइलपैकी दोन तुटलेल्या. इंजिन नाकाशी धरलं तर वार्निश जळल्याचा तो ओळखीचा वास, अगदी पुसट. चाक बोटाने हळूहळू फिरवून बघितलं, दाते एकात एक नीट बसत होते, कुठे अडत नव्हतं. म्हणजे जे बिघडलं होतं तेवढंच मला येत होतं.

ते गृहस्थ म्हणाले, "बाई, ते बंद आहे. शोभेला ठेवायचं असेल तर न्या." पिवळ्याच्या निम्म्याहून कमी पैशात त्यांनी दिलं. भाडं उरलं, चहासुद्धा झाला.

घरी आल्यावर नवऱ्यापुढे ते ठेवलं. त्यांनी हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाले, "जळकी मोटार इकत आणली व्हय? लोक आपल्याला पैशे देऊन आणून देत्यात." पण खाली ठेवलं नाही. उलटंपालटं करून दांडे कसे फिरतात ते बराच वेळ बघत बसले.

उन्हाळ्यात हात लावायला फुरसत मिळाली नाही. विजेचा दाब कमी पडला की मोटारी धडाधड जळायच्या, दाराशी रांग असायची. पाऊस सुरू झाल्यावर विहिरीवरच्या मोटारी बंद, मग दुकान शांत. तेव्हा मी इंजिन उघडलं. जुनी तार सुईने उकलत वेढे मोजले. एका कॉइलवर मध्येच चुकले, म्हणून दुसरी पुन्हा मोजली. एकशे साठच्या आसपास भरले. तेवढ्या बारीक तारेचं रीळ घ्यायचं तर किलोचं घ्यावं लागलं असतं, आणि मला लागणार होती चिमूटभर. घरात एक बंद रेडिओ होता. त्याच्यातल्या लहान ट्रान्सफॉर्मरवर साधारण तसलीच तार निघाली.

पहिल्यांदा शंभराच्या पुढे गेले आणि तार तुटली. दुसऱ्यांदा तिन्ही कॉइल भरून झाल्या, सोल्डरिंगने कसाबसा डाग दिला, सेल लावला, तर मोटार नुसती थरथरून उभी राहिली. दोन दिवस मी तिच्याकडे रागाने बघत होते. मग ध्यानात आलं, तिसरी कॉइल मी उलट्या अंगाने भरली होती. दोघी एकीकडे ढकलताहेत आणि ही तिसरी उलट. ती काढली, पुन्हा भरली. डाग द्यायला आमची इस्त्रीएवढी तापणारी सोल्डरिंग पुन्हा नको, म्हणून बेल्ह्याच्या रेडिओवाल्याकडून लहान मागून आणली.

त्या दुपारी इंजिन टेबलावर उताणं ठेवून सेल लावला आणि चाकं फिरली. दांडे वर-खाली होऊ लागले. नवरा विहिरीची मोटार सोडून उठून आला. मग त्यांनी दुकानातली सहा फुटी फळी काढली, पेन्सिलने दोन रेघा मारल्या आणि लोखंडी तार ताणून खिळ्यांनी रूळ ठोकले. दोन रुळांत किती अंतर ठेवायचं ते इंजिनाच्या चाकांवरून मोजून लाकडाचा एक तुकडा केला आणि तो सरकवत सरकवत खिळे मारले. वीज स्कूटरच्या बॅटरीची. मोटार पुन्हा जळू नये म्हणून मध्ये एक लहान बल्ब जोडला, म्हणजे जास्तीची वीज बल्बातच अडावी. इंजिन फळीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं, वायरी उलट केल्या की परत यायचं. मोटार न्यायला आलेले शेतकरी तासतास थांबायला लागले.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. साठी उलटलेल्या. दुकानात त्या कधी यायच्या नाहीत, वार्निशच्या वासाने त्यांचं डोकं दुखायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी नाकाला पदर लावून आल्या आणि फळीपाशी उभ्या राहिल्या. इंजिन दोनदा गेलं, दोनदा आलं.

"ह्ये वढतं काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, डबे घ्यायला पैसे नव्हते.

"मग त्याला इंजिन कशापाई म्हनायचं?"

संध्याकाळपर्यंत मी पाटासारखा चपटा, पण पाटाहून खूप लहान असा एक गाडा केला. खाली पंख्याच्या जुन्या बेअरिंगची चार चाकं. ती रुळांवर नाही, रुळांच्या बाहेरून फळीवरच चालायची. दोऱ्याने गाडा इंजिनाला बांधला. आत्यांनी घरातून परडीत कांदे आणले. एक कांदा ठेवला, इंजिन गेलं. दुसरा ठेवला, गेलं, पण कुरकुरत. तिसऱ्याला चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली आणि इंजिन तसूभर हलेना.

मला वाटलं मोटारीतच दम नाही, माझी तार कमी पडली. मी बॅटरी काढायला गेले. आत्यांनी हात धरला. "थांब. त्याचं पाय घसारत्यात. मोटार तर फिरतीया की." त्या वाकून चाकांकडे बघत होत्या. "गाडीचा बोजा मागं गेला की जू उचलतं, मंग बैलाचा जोर लागत न्हाई. ह्याच्या डोक्यावर वजन ठेव."

मेलेल्या बॅटरीतली शिशाची पट्टी होती. ती दुमडून इंजिनाच्या पाठीवर ठेवली. इंजिन तिसरा कांदा घेऊन निघालं, चौथाही घेतला. नवऱ्याने दुसरी पट्टी आणली. पाच कांदे. आणि तेव्हा मला दिसलं की मधला बल्ब, जो एरवी नुसता लालसर असायचा, तो पिवळा उजळलाय. कांदा वाढवला की बल्ब जास्त पेटायचा, काढला की मंदावायचा. म्हणजे इंजिनाला किती ओझं झालंय ते बल्ब सांगत होता. आम्ही रात्री उशिरापर्यंत तेच केलं. शिसं वाढवायचं, कांदे वाढवायचे, बल्ब बघायचा. सहाव्या कांद्याला तिसरी पट्टी ठेवल्यावर चाकं घसरायची थांबली पण मोटारच अडली, बल्ब लख्ख पेटला आणि मी घाईघाईने वायर काढली. दोन पट्ट्या आणि पाच कांदे, तेही मध्यम, ही त्याची हद्द निघाली.

यानंतर आत्या दुकानात येऊ लागल्या. वार्निशचा वास तसाच होता. त्या येऊन बसायच्या आणि विचारायच्या. चढावर काय होईल? म्हणून फळीखाली वीट ठेवली, दोन कांदे कमी झाले. रुळाला तेल लावलं तर? लावून बघितलं, एक कांदाही नेईना. माझ्याशी त्या आधी एवढं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. आमच्यात भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. पट्टी सुटल्यावर परतीची एसटी शिवाजीनगरहून होती आणि शेजारीच रेल्वेचं स्टेशन. आत्या म्हणाल्या, खरं इंजिन बघून जाऊ. फलाटाची तिकिटं काढली. एक मालगाडी सिग्नलला थांबली होती. आम्ही फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलो. वरच्या खिडकीत एक ड्रायव्हर चहा पीत होता. आत्यांनी सरळ त्यालाच विचारलं, "भाऊ, ह्याचं वजन केवढं?"

तो हसला. शंभर टनांच्या वर, म्हणाला. वजन हवंच, नाहीतर चाकं घसरतात. आणि एवढ्या वजनावरही पावसात, चढावर घसरली तर रुळांवर वाळू सोडतात, इंजिनातच वाळूची पेटी असते. त्याने चाकाजवळची नळी बोटाने दाखवली.

आत्या त्या नळीकडे नव्या डोळ्याने कितीतरी वेळ बघत राहिल्या. परतीच्या एसटीत चाकण आलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "वाळू आपल्याला सुचली न्हाई बग."

दुसऱ्या दिवशी डोळ्याला काळा चष्मा लावून त्या दुकानात आल्या. वाळू जाड पडेल म्हणून त्यांनी रांगोळीचा डबा आणला होता. चिमटीने दोन्ही रुळांवर त्यांनी रांगोळी सोडली, अगदी सरळ, त्यांचा हात त्यात तयार होता. सहा कांदे ठेवले. मी वायर जोडली. इंजिन हललंच नाही. बल्बही विझलेला. कांदे काढले, गाडा सोडला, तरी ढिम्म. मला हसू यायला लागलं. रांगोळीच्या थराने चाकाला वीजच पोचत नव्हती. खऱ्या इंजिनाला वीज डोक्यावरच्या तारेतून येते, आमच्याला पायांतून.

मी ते आत्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजी पकड बी आन् वीज बी, एकाच रुळातून न्हाई व्हायचं." मग रॉकेलचं बोळकं माझ्याकडे सरकवलं. एक चिंधी त्यांनी घेतली, एक मी. फळीच्या दोन्ही अंगांना बसून आम्ही रूळ पुसायला लागलो, आणि डोक्यावरून तार नेता येईल का, तिला खांब कशाचे करायचे, यावर त्या बोलत राहिल्या.