माघात फुलणारी काडी

आयुष्यात एकच काम मी न चुकता रोज केलं, आणि तेच नेमकं करायचं नव्हतं. आमच्या परसात न्हाणीच्या मागे एक चाफा होता. त्याच्या खोडाला काथ्याने बांधलेल्या आठ-दहा वाळक्या काड्या होत्या. त्या काड्यांवर मी दिवाळीपासून माघापर्यंत, कचेरीत जायच्या आधी, रोज सकाळी पाणी घातलं. रॉकेलच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून मी त्यासाठी खास झारी बनवली होती. एरवी घरातल्या कुठल्या कामाला माझा हात लागत नसे. त्यामुळे या झारीची कीर्ती आळीभर झाली होती, आणि ती बहुतेक मीच केली होती.

काड्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या. आक्काचं सासर राजापूरकडच्या नाटे गावचं. तिचे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी रानात मोडून पडलेल्या फांदीवरून ही काडी आणून तिला दिली होती. दागिना देण्याची ऐपत नव्हती म्हणून की काय, कोण जाणे. पुढे तापाच्या साथीत ते गेले आणि आक्का चोविसाव्या वर्षी आमच्याकडे परत आली. आगबोटीतून उतरताना तिच्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली ती काडी. मी तेव्हा ट्रंक घेतली. काडी तिने माझ्या हातात दिली नाही. माणसाची पारख तिला पहिल्यापासून होती.

विधवा झाल्यावर फुलं माळायची तर सोयच नव्हती. पण बघायला कोण आडवं येतंय, असं म्हणून तिने हळूहळू आमचं परसू भरून टाकलं. पुस्तकात या झाडांना आमरी म्हणतात, इंग्रजी शिकलेले ऑर्किड म्हणतात. आमच्याकडे झाडावर जे जे वाढतं त्याला सरसकट बांडगूळ म्हणून कोयत्याने साफ करायची रीत. आंबे उतरवून झाले की साफसफाईला गडी यायचा, आणि आक्का त्याच्यामागून आगरभर फिरायची. "बांडगूळ झाडाचा रस पितं. ही नुसती बसायला जागा मागते. ठेव तो कोयता खाली." गडी म्हणायचा, "जागा मागतां मागतां मालक झाली तर?" त्यावर ती म्हणायची, "मीही अशीच आलेय ना या घरात? झाले का मालक?" गडी कोयता कमरेला खोचायचा. मी आंबे मोजायला लागायचो.

या झाडांची नावं तिला ठाऊक नव्हती. ती त्यांना फुलायच्या महिन्यावरून हाक मारी. वैशाखातली म्हणजे पिवळसर तपकिरी, दोरखंडासारखी मुळं लोंबवणारी. ज्येष्ठातली म्हणजे सीतेची वेणी. ती पायरी आंब्यावर हात-हातभर लांब गुलाबी ठिपक्यांच्या वेण्या सोडायची, आणि वटपौर्णिमेच्या सकाळी आळीतल्या सगळ्या सवाष्णी त्या मागायला यायच्या. आक्का एकेक तोडून त्यांच्या हातात द्यायची आणि स्वतः घरात येऊन पोहे निवडत बसायची. श्रावणातली परसात रुजतच नसे. ती बघायला सड्यावर जावं लागे. कातळाच्या खोबणीतल्या चिमूटभर मातीत एकच गोल पान, जमिनीला अगदी चिकटलेलं, आणि त्यातून वर आलेली पांढरी फुलं. बाकीचे नऊ-दहा महिने तिथे काही आहे याची खूणसुद्धा नाही. फणसावरची एक तर सकाळी उमलून दुपारी मिटायची, वर्षातून दोन-तीनदा, आणि कधीही रविवारी नाही. मी तक्रार केली तर आक्का म्हणायची, "तुझ्या कचेरीचं वेळापत्रक तिला दाखवलं नव्हतं रे कोणी."

पण तिचा जीव होता तो माघातलीवर. दिवाळी आली की तिची पानं पिवळी पडून गळून जात. उरत त्या सुरकुतलेल्या, हाडकुळ्या काड्या; चुलीत घालायच्या लायकीच्या. माघात मात्र त्याच काड्यांना, एकही पान नसताना, शेंड्यापासून खालपर्यंत पांढरी फुलं लागत. वास नाही. नुसती पांढरी, आणि मध्ये किंचित जांभळट छटा. वीसेक दिवस आक्का सकाळचा पहिला चहा चाफ्याखाली उभी राहून प्यायची. त्या वेळी तिच्याशी कोणी बोलायचं नाही, असा घरात न सांगता झालेला नियम होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर नाट्याहून निरोप आला, की सासू अंथरुणाला खिळली आहे आणि करणारं कोणी नाही. आक्का निघाली. निघताना तिने मला प्रत्येक झाडाचं सांगितलं. मी तेव्हा तिची वळकटी बांधत होतो आणि दोर पुरत नव्हता. मी "हो, हो" म्हणत होतो. वैशाखातलीचं ऐकलं, ज्येष्ठातलीचं अर्धं ऐकलं. मग दोर तुटला.

"आणि माघातलीला काही करायचं नाही," ती म्हणाली. हे मी ऐकलं. मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे बरीच वर्षं मी ऐकलं नव्हतं असं सांगत आलो. ऐकलं होतं. पण आठ दिवसांनी पानं गळताना पाहिली आणि मला वाटलं, बहिणीने विश्वासाने सोपवलेली एवढी एक वस्तू, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत वाळते आहे. काही करायचं नाही म्हणजे काय? तिने आपलं माझा आळस ओळखून सूट दिली असेल. ती सूट घ्यायची नाही, असं मी ठरवलं.

"वन्सं थंडीत तिला पाणी घालत नाहीत," आमची ही म्हणाली.

"वन्सं बाईमाणूस. विहिरीचं पाणी शेंदायचं म्हणजे दमतात," मी म्हणालो.

"मग तुम्ही घागरी भरून आणता त्या स्वयंपाकघरातही आणत जा," ही म्हणाली. मी झारी उचलून परसात गेलो.

आणि काय सांगू, पौषात काड्यांच्या पेरांवर हिरवे कोंब फुटले. मी लगेच पोस्टकार्ड टाकलं. "तुझी मेलेली काडी जिवंत केली आहे. हिरवीगार झाली आहे. माघात येशील तेव्हा ओळखणार नाहीस." उत्तर आलं. सासूची तब्येत, बोटीचं वेळापत्रक, वैशाखातलीला सकाळचं ऊन लागू दे. काडीबद्दल अक्षर नाही. अक्षर मात्र नेहमीपेक्षा पुष्कळ बरं होतं. मी हिला कार्ड दाखवून म्हटलं, "बघ, सासरी गेल्यावर आक्काचं वळण सुधारलं." हिने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि फळीवर ठेवलं.

माघाच्या पहिल्या आठवड्यात सासू गेली आणि बारावं-तेरावं आटोपून आक्का आली. बंदरावरून येताना तिने माझा दंड धरला होता. मला वाटलं, प्रवासाने थकली आहे. घरी आल्यावर पायांवर पाणीही न घेता ती थेट परसात गेली. चाफ्याला जवळजवळ नाक लावून उभी राहिली, मान एका बाजूला कलती करून, कोंबडी दाणा बघते तशी. मी मागे झारी घेऊन उभा, शाबासकीच्या तयारीने.

"छान वाढलंय रे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "मग आता फुलं कधी?"

"आता पुढच्या माघात."

"एवढं हिरवं झालंय तरी?"

"हिरवं झालं म्हणूनच. या दिवसांत त्याला तहान लागावी लागते, मग ते फुलतं. तू लागू दिली नाहीस. जिथे फूल यायचं तिथे पान आलं."

ती रागावली नव्हती. शाळेतल्या पोराला गणित समजावावं तसं तिने सांगितलं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, आणि ओशाळलो की मी विनोद करतो, ही माझी जुनी खोड. मी म्हणालो, "मग काय बिघडलं? पुढच्या वर्षी दुप्पट बघ."

"हो," आक्का म्हणाली आणि चहाचा पेला घेऊन आत गेली. जाताना उंबऱ्याला तिचा पाय लागला.

त्या संध्याकाळी हिने मला सगळं सांगितलं. आक्काची नजर दीड-दोन वर्षांपासून कडेकडेने जात होती. नाट्याला असताना राजापूरच्या डॉक्टरला दाखवलं, त्याने उपाय नाही म्हणून सांगितलं. पावसाळ्यापर्यंत उरलंसुरलं जाईल म्हणाला. पत्र शेजारच्या माणसाकडून लिहवून घेतलं होतं. सासू गेल्यावर तिकडच्यांनी महिना संपेपर्यंत राहायला सांगितलं, तर आक्का हट्टाने निघाली, कारण माघ सरत चालला होता आणि तिला एकदा ती फुलं बघून घ्यायची होती.

"तुला हे कधीपासून ठाऊक?" मी विचारलं.

"डोळ्यांचं दिवाळीपासून. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. तुम्ही उगाच धावपळ कराल म्हणून."

धावपळ मी न सांगताच केली होती. डबाभर रोज.

पुढचं सांगायला फार नाही. मिरजेला दाखवलं, तिथेही तेच. ज्येष्ठात सीतेच्या वेण्या लोंबल्या तेव्हा आक्काला गुलाबी ढगासारखं काहीतरी कळत होतं. सड्यावर श्रावणात तिला नेलं, पण तिथे ती नुसती वाऱ्यात उभी राहिली. त्या दिवाळीनंतर मी झारी अडगळीत टाकली आणि चाफ्याकडे फिरकलोसुद्धा नाही. पानं गळली. काड्या सुकल्या. एवढं सोपं काम मी जन्मात केलं नव्हतं, आणि एवढं जड गेलेलंही नाही.

माघात फुलं आली. मी आक्काला हाताला धरून चाफ्याखाली नेलं.

"आली?" तिने विचारलं.

"आली तर. नुसती लगडलीयत. या एका काडीवरच तिसेक असतील."

जिने आयुष्यभर कोणाला त्या फुलांना बोट लावू दिलं नाही, तिने हात वर केला. मी तो काडीवर नेऊन ठेवला. तिची बोटं खालून वर सरकत गेली, एकेका फुलाशी थांबत, पाकळी न दुमडता. शेंड्याला पोचल्यावर ती हसली.

"अकरा आहेत रे," ती म्हणाली. "चांगली आहेत अकरा. जुनी काडी आहे ती." मग तिने चहा मागितला आणि नेहमीसारखा तिथेच उभ्याने प्यायली, तोंड फुलांकडे करून. मी बोललो नाही.

पेला परत ठेवायला मी स्वयंपाकघरात गेलो. ही चुलीशी बसली होती. खिडकीतून तिने सगळं ऐकलं असावं. मी काही म्हणायच्या आत तिने माझ्या हातातून पेला घेतला आणि तो विसळता विसळता म्हणाली, "उद्या वन्संना रंग सांगा. आकडा नका सांगू, तो त्यांना कळतो."