दरोडेखोराचा वारस

आमच्या भागातल्या जुन्या काळच्या एका कुख्यात दरोडेखोराचं आणि माझ्या सासुरवाडीचं आडनाव एकच. लग्नापासून मी बायकोला त्यावरून चिडवायचो. मेव्हणा घरी आला की म्हणायचो, "कपाटाले कुलूप लाव वं." एका दिवाळीत तो भरल्या ताटावरून उठून गेला, तो पुन्हा आलाच नाही.

माफी मागायची सोडून, सासरचे त्याच दरोडेखोराचे वंशज असल्याचा सरकारी पुरावा काढायला मी बाभुळगावच्या तहसीलमध्ये गेलो. कारकुनानं जुना फेरफार शोधला. दरोडेखोराच्या शेताला वारस म्हणून त्याची एकुलती मुलगी लागली होती. तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं, तर ते माझे पणजोबा!

"सर, हे तं तुमचंच खानदान निंगून राह्यलं," कारकून म्हणाला. "नक्कल देऊ का?"

ती नक्कल मी सहा वर्षं विम्याच्या फाईलीत लपवली. टोमणेही चालूच ठेवले; एकदम थांबलो असतो तर बायकोला संशय आला असता.

मागच्या आठवड्यात अखेर न राहवून नक्कल तिच्यापुढे ठेवली. तिनं चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"सहा वर्सं?"

मी विम्याची फाईल बंद करू लागलो.

"लावा फोन माह्या भावाले," ती म्हणाली. "अन् तुमीच वाचून दाखवा. शिक्क्यासकट."