शेजारच्या सीटपुढचा पत्रा

माझ्या पिकअपनं दुसरं महायुद्ध जिंकलं होतं. निदान लष्कराच्या लिलावात घेऊन ती मला विकणारा माणूस तसं म्हणाला होता. जर्मन नक्की कशामुळे हरले ते मला माहीत नाही, पण तिच्या ब्रेकचा त्यात काही वाटा नसावा. त्या काळी चिंचवडात स्वतःची मोटार असणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे चाकणहून कांदे-बटाटे आणणारा मी स्वतःला मोठा मोटारतज्ज्ञ समजत असे.

ब्रेक एकदा दाबून लागत नसे. तीनदा भराभर दाबला की लागे. हा बिघाड नाही, गाडीचा स्वभाव आहे, असं मी लोकांना समजावून सांगायचो. ब्रेकचं तेल कमी झालं की बाटलीतून ओतायचं, एवढाच माझा उपचार.

बायकोला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे चाकणला. गुरुवारी तिला याच गाडीतून पोचवायचं होतं आणि वाटेत मोशीचा उतार, खाली इंद्रायणीचा पूल. मी काही अगदीच बेफिकीर नव्हतो. उतारावर ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा लोकांनी तरी वेळेवर बाजूला व्हावं, म्हणून आदल्या दिवशी मी पिंपरीच्या मिस्त्रींकडे हॉर्न दुरुस्त करायला गेलो. असं डोकं देव सगळ्यांना देत नाही.

मिस्त्री वयस्क मुसलमान गृहस्थ. मुंबई रस्त्याला कडुनिंबाखाली त्यांचं दुकान होतं. माझं ऐकून त्यांनी हात पुसले.

“हॉर्न होईल, शेठ. आधी ब्रेक दाबा. एकदाच.”

मी दाबला. अर्थातच तीनदा.

“‘एकदाच’ बोललो ना मी?”

पुन्हा दाबला. पाय आवरायला कष्ट पडले. पेडल थेट तळाला जाऊन टेकलं.

“कधीपासून असं?”

“असेल आठेक दिवस,” मी ठोकून दिलं.

ते पलीकडे गेले, दुसरं दार उघडून आत वाकले.

“मिस्त्री, ब्रेक या बाजूला असतो,” मी उदारपणे माहिती पुरवली.

त्यांनी मला बोटानं बोलावलं. शेजारी बसणाऱ्याचा पाय जिथं येतो, तिथल्या पत्र्याचा रंग खरवडून गेला होता. बारीक रेघा, सगळ्या एकाच जागी. ताज्या चकाकत होत्या, जुन्यांवर गंज चढला होता.

“जोडव्यांच्या रेघा आहेत. इथं कोण बसतं?”

“आमची मंडळी.” ती गाडीत चढली की चपला काढून ठेवायची.

“तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा त्या पण दाबतात. गंज बघा. हे आठ दिवसांचं काम नाही, शेठ. दीड-दोन साल तरी झाली.”

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती.

मग त्यांनी मागचं चाक उघडलं. आत सगळं तेलानं चिंब. मी मोठ्या मायेनं ओतलेलं तेल झिजलेल्या रबरातून गळून चाकात जात होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी रबर बदललं आणि ब्रेक एका दाबात लागू लागला. हॉर्नचं दोघेही विसरलो.

घरी बायको माहेरी न्यायच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“ब्रेकची भीती वाटत होती, तर बोलली का नाहीस?” मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

“बोलले होते की. पहिल्याच खेपेला. तुम्ही म्हणालात, बायकांना गाडीतलं काय कळतं.”

मला ते आठवेना. बोललो याच्यापेक्षा विसरलो याचीच मला जास्त लाज वाटली.

गुरुवारी मोशीचा उतार आला. पुलाच्या बऱ्याच अलीकडे मी मुद्दाम ब्रेक दाबला. एकदाच. गाडी गुमान उभी राहिली. मी मोठ्या ऐटीत शेजारी पाहिलं. तिचा एक हात पोटावर होता आणि पाय पत्र्यावर असा रोवलेला, की बोटं पांढरी पडली होती.

“अगं, थांबली गाडी,” मी म्हणालो.

“हो,” ती म्हणाली, आणि पाय तिथंच ठेवला.