पुडिंगचा आग्रह

ओजसला कनेटिकटच्या सेंट ऑल्डविन्समध्ये घातलं ते निव्वळ त्याच्या बाबांच्या हौसेपायी. गुरुदत्त पुण्याचा, आयटीतला माणूस. डोंगरावरची दगडी इमारत, टाय-कोटातली पोरं, जेवणाआधीची घंटा बघून गडी पाघळलाच. कुणा इंग्रज पाद्र्याने फार पूर्वी काढलेली शाळा ती. पाद्री गेला, पण त्याचं इंग्लंड तिथेच मुक्कामाला राहिलं. हिरवळीवरून चालायचं ते फक्त बारावीच्या मुलांनी. जेवताना वाढायचं नव्या मुलांनी. आणि नियम मोडल्याच्या तीन काळ्या खुणा नावावर झाल्या की पुढच्या सुट्टीला घरी जाणं बंद.

मराठी माणसांनी भरलेल्या एडिसन गावात वाढलेला ओजस नववीतला, अंगात नुसते किडे. ऑक्टोबरपर्यंत दोन खुणा पदरात पडल्याही. एक हिरवळीवरून धावला म्हणून, दुसरी चॅपलच्या दारात बूट काढून मोज्यांवर आत गेला म्हणून. आता देवाच्या दारात बूट काढायचे नाहीत तर काढायचे कुठे? पण हे शिस्तीवर नेमलेल्या थोरल्या मुलाला, प्रीफेक्ट कॅलमला, कोण सांगणार! पुढची सुट्टी नेमकी दिवाळीत येत होती; तिसरी खूण झाली की दिवाळी बोंबलली. पोराचा जीव तर घराकडे लागलेला. आईच्या चकल्याच काय, धाकट्या सावनीची कटकटसुद्धा त्याला हवीहवीशी वाटत होती.

तेव्हा त्याने ठरवलं, दिवाळीपर्यंत अगदी गाईसारखं वागायचं. आणि नेमकी तेव्हाच त्याच्यावर हेडमास्तरांच्या टेबलाला वाढायची पाळी आली.

वाढणं म्हणजे ओजसच्या हातचा मळ. एडिसनच्या मंडळात रवींद्रकाका गणपतीला हट्टाने पंगत बसवतात, बुफेचं नाव काढू देत नाहीत आणि झाडून सगळ्या पोरांना वाढायला जुंपतात. पाहुण्याचा पहिला नको लाजेचा, दुसरा रीतीचा, तिसऱ्याला ताटावर आडवा हात आला तरच पुढे सरकायचं, ही काकांची शिकवण.

हेडमास्तर मिस्टर थॉर्नबी उंच, वाळकुडे, कमी बोलणारे. ब्रेड पुडिंग आलं तसे ते हळूच म्हणाले, "नको, थँक यू." ओजसने हसून चांगलं डावभर वाढलं. ते पुन्हा नको म्हणाले, याने अजून अर्धा डाव घातला. सगळं टेबल वळून बघू लागलं. हेडमास्तरांना पुडिंग खाताना बऱ्याच दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्यांचं न ऐकणारा तर कुणी जन्मालाच आला नव्हता. कॅलमने तिथल्या तिथे तिसरी खूण ठोकली. थॉर्नबी मात्र खाली मान घालून शेवटच्या घासापर्यंत खात राहिले.

मग त्यांनी त्याला खोलीत बोलावून कारण विचारलं. रडू आवरत ओजसने पंगतीची सगळी रीत सांगितली. पहिल्या नकोवर वाढणारा पुढे गेला तर पाहुणा उपाशी उठतो आणि यजमानाची मान खाली जाते, हेही सांगितलं.

थॉर्नबी म्हणाले, "माझी बायको गेल्यापासून मी नको म्हटलं की लोक लगेच ऐकतात."

खूण काही पुसली नाही. शाळेचा नियम तो नियमच. पण मुलाने घरी जायचं नाही एवढंच त्यात आहे, घरच्यांनी शाळेत येऊ नये असं कुठेही नाही, हे त्यांनीच ओजसला सांगितलं आणि आईला फोनही लावून दिला.

दिवाळीच्या शनिवारी गुरुदत्त आणि ओजसची आई रेखा सावनीला घेऊन, डबे भरून दाखल झाले. वसतिगृहाच्या लांब टेबलावर फराळ मांडला, पोरं तुटून पडली, कॅलमने तर चकल्यांचा डबाच जवळ ओढला. ओजस सावनीशी मनसोक्त भांडून घेत होता. इतक्यात थॉर्नबी दाराशी आले, सगळ्यांना शुभेच्छा दिल्या. रेखाने बसायचा आग्रह केला, तर म्हणाले, आपण नुकतंच जेवून आलोय, उभ्याउभ्याच निघतो.

ओजसने काही न विचारता त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. थॉर्नबी आले, बसले आणि त्यांनी रुमाल मांडीवर पसरला.