तानीवर ढकललेली चूक

बोईसरला आत्मारामचं दगडावर नावं कोरायचं दुकान आहे. साताऱ्याकडून तो कारखान्यात नोकरीला आला होता. कारखाना बंद पडला तेव्हा या धंद्यात शिरला. दगडावर जाड रबर चिकटवायचं, त्यातून अक्षरं कापून काढायची आणि वरून दाबानं वाळू मारायची. रबर निघालेलं असतं तेवढाच दगड कोरला जातो. ही कापणी बारा वर्षं तानी करत होती. वाणगावच्या पुढच्या पाड्यावरून ती यायची. शाळा तिसरीपर्यंतच झालेली, पण वेलांटीचं वळण तिच्या सुरीतून असं उतरायचं की गिऱ्हाईक त्यावरून बोट फिरवत राही.

कामं वाढली तसं आत्मारामनं कापायचं मशीन घ्यायचं ठरवलं. वसईच्या एका दुकानात तो तानीलाही घेऊन गेला. तिथल्या विपुल नावाच्या विक्रेत्यानं प्लॉटरवर, म्हणजे कापायच्या मशीनवर, पातळ स्टिकर चढवलं आणि मिनिटभरात गणपती कापून दाखवला. तानीनं पिशवीतून रबराचा तुकडा काढला.

"शेठ, आपला रबर कापून बघू ना. यो लय जाड हाय."

विपुल हसला. आत्मारामला तिच्या पिशवीची, तिच्या बोलण्याची लाज वाटली.

"तुला काय कळतंय मशीनमधलं? गप बस जरा."

विपुलनं रबराची जाडी विचारली, तेव्हाही "नेहमीचंच" म्हणून आत्मारामनं वेळ मारून नेली.

मशीन बोईसरला आलं आणि पहिल्याच दिवशी कळून चुकलं. रबर रोलरखाली तिरकं सरकायचं. पातं पुरतं खाली उतरायचं नाही, आणि कोपऱ्यावर वळताना रबर ओढून फाडायचं. पण चूक कबूल करायची कुणाजवळ? त्यानं मुरबे गावच्या प्रदीप नावाच्या गिऱ्हाइकाचं काम त्याच मशीनवर रेटलं. प्रदीपच्या वडिलांची स्मृतिशिळा होती ती. अर्धवट कापलेलं रबर आत्मारामनं ओढून काढलं, कडा सुटल्या, वाळू खाली शिरली आणि नावच खरवडून गेलं.

प्रदीप शिळा न्यायला आला, तो बघतच राहिला.

"हे काय झालं?"

"कापणारी बाई आहे ना, तिचा हात चुकला," आत्माराम बोलून गेला.

तानी चार हात अंतरावर दगड पुसत होती. तिनं मान वर केली नाही. फडकं तेवढं थांबलं, मग पुन्हा फिरू लागलं.

नवा दगड आणला. तानीनं रबर हातानं कापलं, दोन दिवस खपून. तिनं काही विचारलं नाही, हेच आत्मारामला सोसेना. त्या दोन दिवसांत चहासुद्धा तो बाहेर जाऊन प्यायला. शिळा पोचवायला तो स्वतः मुरब्याला गेला.

"बाईनं चूक सुधारली की," प्रदीप म्हणाला.

"चूक तिची नव्हतीच. मशीन मी आणलं. ती दुकानातच सांगत होती, मी तिला गप्प केलं."

प्रदीपनं शिळेवरच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे मला कशाला सांगता? तिला सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यानं अडखळत, जमिनीकडे बघत तिला सांगितलं. तानी ऐकत राहिली.

"मी आयकलं व्हतं, शेठ," ती म्हणाली. "नवऱ्याला पन नाय सांगितलं. मलाच तुमची लाज वाटली."

ते मशीन त्यानं उमरोळीच्या एका स्टिकरवाल्याला दिलं. जाड रबर यावर कापलं जात नाही, हे आधीच सांगून. नव्या मशीनसाठी दोघं दुसऱ्या दुकानात गेले तेव्हा तानीनंच रबर टेबलावर ठेवलं. तीन मशीनं बघितली. शेवटी सपाट टेबलाचं पसंत केलं. त्यावर रबर हलत नाही, सुरीच फिरते आणि कोपऱ्यावर आपणहून वळते. तानीनं कापलेला कोपरा नखानं उचलून पाहिला, मग मान हलवली.

आता ते मशीन तीच चालवते. काम नीट होतं. पूर्वी हात चालू असताना ती पाड्यावरच्या गोष्टी सांगायची, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची गाय व्याली. आता कामापुरतं बोलते. आत्मारामला खूपदा वाटतं, आपणच काहीतरी विचारावं. पण तोंड उघडत नाही.