नूरुद्दीनभाईंचं वॉशिंग्टन

नूरुद्दीन परकार यांची आणि माझी पहिली ओळख अबकैकच्या रस्त्यावर झाली. ते गाडी चालवत होते, मी शेजारी बसलो होतो आणि आमच्या मधोमध अमेरिकेची राज्यघटना होती.

माझा मुलगा मनीष इथे सौदीत एका कंपनीत इंजिनियर आहे. घर दम्मामला, काम अबकैकच्या प्लांटवर. हिवाळ्यात मी त्याच्याकडे येतो. उभा जन्म रंगमंचावर गेलेला माणूस मी. सोफ्यावर बसवून ठेवलं की आजारी पडतो. म्हणून मनीष अधूनमधून मला कंपनीच्या गाडीत घेतो. त्याला प्लांटवर सोडायचं आणि नूरुद्दीनभाईंबरोबर रिकाम्या गाडीनं परत यायचं. माझ्या गोष्टी ऐकायला एकच माणूस, पण हुकमी.

त्या पहिल्या दिवशी मात्र ऐकायची पाळी माझी होती. नाव, गाव, रक्तदाब विचारून झाल्यावर ते म्हणाले, "दादा, अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्स कोण देतं, सांगा."

"सरकार."

"कुठलं? त्यांच्याकडे दोन आहेत."

मोठ्या नटाला संवाद आठवू नये तसं झालं. त्यांनी माझी सुटका केली. "राज्य देतं. वॉशिंग्टनचा त्यात हात नाही. टेक्सासचं लायसन्स टेक्सास देणार, मिनेसोटाचं मिनेसोटा. एवढा मोठा देश, अणुबॉम्ब बाळगणारा, पण कोणी गाडी चालवायची ते ठरवायला दिल्ली लागत नाही."

"दिल्ली?"

"तेच ते. वॉशिंग्टन."

हे शिक्षण त्यांना मिळालं होतं गाडीच्या मागच्या सीटवरून. पूर्वी अनेक वर्षं ते दोन अमेरिकन इंजिनियरांची याच रस्त्यानं ने-आण करत. एक टेक्सासचा, एक मिनेसोटाचा. त्यांची नावं नूरुद्दीनभाई घेतच नसत; एक टेक्सास, दुसरा मिनेसोटा. टेक्सास म्हणायचा, वॉशिंग्टननं सैन्य पाहावं, चलन छापावं, परदेशांशी बोलावं आणि बाकीच्या गोष्टींत नाक खुपसू नये. माझ्या मुलाच्या शाळेत काय शिकवायचं हे ते कोण सांगणार? मिनेसोटा म्हणायचा, असं आहे तर पुढच्या वादळात छप्पर उडालं की पहिला फोन वॉशिंग्टनला लावू नकोस. मग टेक्सास चिडायचा आणि अबकैक यायचं. संध्याकाळी परतताना खेळ पुन्हा सुरू.

"दोघे भांडायचे, पण डबा एकमेकांचा खायचे," नूरुद्दीनभाई सांगत. "इंग्रजी मी तिथंच शिकलो. शिव्यांसकट."

त्यांचं स्वतःचं मत टेक्सासच्या बाजूचं, पण कारण अगदी ड्रायव्हरचं. "वॉशिंग्टन म्हणजे मागची सीट, दादा. मागे बसलेल्या साहेबाला रस्ता दिसतो, दिशा कळते, पोचायचं कुठे ते ठाऊक असतं. पण खड्डा दिसत नाही. खड्डा चालवणाऱ्याला दिसतो. मग गाडी डावीकडे घ्यायची की उजवीकडे, हे मागून सांगू नये."

दम्माममधली आपली माणसं अमेरिकेबद्दल इतकं का बोलतात, याचं मला आधी नवल वाटे. मग उमगलं. इथल्या कारभारावर बोलायचं नाही, हे इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हातात पडतो त्याच दिवशी कळतं. भारताच्या राजकारणावर बोललं की जेवताना कोणीतरी ताटावरून उठतं. अमेरिका मात्र कोणाचीच नाही, त्यामुळे सगळ्यांची आहे. तिच्यावर हिंदू-मुसलमान, पुणेकर-रत्नागिरीकर, सगळे पोट भरून भांडू शकतात.

आमच्या घरीही भांडण झालं. एका शुक्रवारी मी नूरुद्दीनभाईंना जेवायला बोलावलं होतं. मनीषचं मत असं की केंद्र मजबूत असल्याशिवाय देश चालत नाही. प्लांटमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हनं आपापलं मत मांडलं तर स्फोट होईल.

"साहेब, पण राज्य म्हणजे व्हॉल्व्ह नाही," नूरुद्दीनभाई भात कालवत म्हणाले. "व्हॉल्व्हला बायका-मुलं नसतात."

माझी नात रेवा इंडियन स्कूलमध्ये नववीत आहे. ती मराठीत सुरू करते आणि कुठे पोचेल सांगता येत नाही. तिनं विचारलं, "पण अंकल, स्टेट्सना पैसे वॉशिंग्टन देतं ना? जो पे करेगा, वही डिसाइड करेगा. सिंपल."

"नाही, बेटा. देणाऱ्यानं द्यावं. ठरवावं ज्याच्या दारात काम आहे त्यानं."

"दॅट्स नॉट हाऊ मनी वर्क्स, अंकल."

ते हसले. नववीतल्या मुलीकडून हरायला त्यांची हरकत नव्हती, कारण आपण हरलो असं त्यांना वाटलंच नव्हतं.

जेवण झाल्यावर त्यांनी फोनवर एक चित्र दाखवलं. तेव्हा मला त्यांच्या मनातला खरा देश दिसला.

दाभोळच्या खाडीकाठी त्यांचं गाव. त्यांचे वडील तिथे तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. आणि गंमत बघा, आमची नाटक कंपनी दौऱ्यावर असताना त्याच खाडीतून पलीकडे गेली होती. पडदे, पेटारे, दाढी-मिशांचा डबा, सगळं तरीत. तरीवर कोण होता ते मला आठवत नाही, पण तो परकारच असणार असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. नात्याला तेवढं पुरतं.

कोकणातल्या मुसलमान गावांत साऱ्या घरांची मिळून एक जमात असते. लग्न, मयत, भांडण, मशिदीचा खर्च, सगळं ती बघते. गावचे लोक परदेशी गेले की तिथे जमातीची शाखा काढतात आणि पैसे गावी पाठवतात. दम्माम शाखेचे सदर, म्हणजे अध्यक्ष, नूरुद्दीनभाई. गावात एक हॉल बांधायचा, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं स्वप्न. चित्र त्या हॉलचं होतं. कमान, व्हरांडा आणि आत लग्नासाठी स्टेज.

"आयुष्यभर गाडी चालवली, दादा. दुसऱ्यांना पोचवलं. गावाला एक अशी गोष्ट द्यायची आहे, जी जागची हलणार नाही. दोन महिन्यांनी मी फायनल एक्झिटवर जातोय, कायमचा गावी. त्याआधी पायाचे पैसे गेले पाहिजेत."

स्टेज दिसल्यावर मी कसला ऐकतो. उंची कमी करा, म्हणालो, पहिल्या रांगेची मान दुखेल. दोन्ही बाजूंना विंगा ठेवा. मागे एक दार हवं, नवरा पळाला तर उपयोगी पडेल. कागदावर मी आखत गेलो, ते बघत गेले. आम्हा दोघा म्हाताऱ्यांनी त्या दुपारी अख्खा हॉल उभा केला.

पुढच्या शुक्रवारी शाखेची बैठक होती. स्टेज समजावून सांगायला त्यांनी मलाही नेलं. बैठक नौशादच्या स्पेअर पार्टच्या दुकानामागच्या खोलीत. नौशाद शाखेचा खजिनदार, त्यांच्याच गावचा, चाळिशीचा, आवाज खणखणीत. सतरंजीवर माणसं बसली, चहा आला, भिंतीवरच्या टीव्हीवर व्हिडिओ कॉलनं गाव दिसू लागलं. तिकडचे सदर दाढी कुरवाळत म्हणाले, "मागणी बायकांनी मांडली, आम्ही सर्वांनी मंजूर केली. तर बाईच बोलेल."

आणि पडद्यावर आल्या शरफुन्निसाभाभी. नूरुद्दीनभाईंची बायको.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "हॉल नंतर बघू. गावाला गाडी पाहिजे. दुपारची बस बंद झाल्यापासून मुली बारावीनंतर घरी बसतात. सकाळी कॉलेजला न्यायची, संध्याकाळी आणायची. गावानं ठरवलंय."

खोलीत कुजबुज झाली. नूरुद्दीनभाई पडद्याकडे सरकले. मग म्हणाले, "गाडी?"

"गाडी."

"मी चौतीस वर्षं गाडी चालवली ती गावाला गाडी देण्यासाठी?"

"हॉलमध्ये लग्नं होतील," भाभी म्हणाल्या. "शिकल्या नाहीत तर लवकर होतील, एवढंच."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. नौशाद पुढे सरकला. "भाभी, गावाचा मान राखून सांगतो. पैसा दम्मामचा आहे. उन्हातान्हात आम्ही मिळवलाय. गाडी पाच-सहा वर्षांत भंगारात जाईल, हॉल राहील." मग तो नूरुद्दीनभाईंकडे वळला. "चाचा, शाखेचा नियम आहे. सदर हो म्हणाल्याशिवाय पैसा जात नाही. तुम्ही नाही म्हणा, विषय खलास. पुढच्या महिन्यात पाया खणू."

मी नूरुद्दीनभाईंकडे पाहिलं. खरं सांगतो, मला हॉल हवा होता. त्या स्टेजच्या विंगा मी आखल्या होत्या. एक शब्द, आणि गाव निमूट ऐकणार होतं, कारण गावाकडे दुसरा पैसा नव्हता. रंगमंचावर असे क्षण मी पुष्कळ पाहिलेत. प्रेक्षक श्वास रोखतो आणि नटाला कळतं की पुढचं वाक्य आपलं आहे.

पण वाक्य भाभींनी घेतलं. आवाज न चढवता. "एवढी वर्षं दर शुक्रवारी फोनवर मी तुमचं टेक्सास ऐकते. भाकऱ्या थापताना ऐकते. मागच्या सीटवरून खड्डा दिसत नाही, म्हणता. मग आता तुम्ही कुठं बसलाय, तेवढं सांगा."



नूरुद्दीनभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी ते हसले. पूर्ण नाही, अर्धं. "मागे," ते म्हणाले. "मागेच बसलोय."

"चाचा," नौशाद म्हणाला, "अमेरिका अमेरिकेत. इथं—"

"नौशाद, माझं मत मी वीस वर्षं सगळ्या दम्मामला ऐकवलं. आज माझ्यावर पाळी आली म्हणून बदललं, तर ते मत नव्हतं, टाइमपास होता. पैसे पाठव."

नौशादनं हात वर केले. मग नूरुद्दीनभाई टीव्हीकडे वळून, सदराचा सारा रुबाब परत आणून म्हणाले, "पण एक आहे. येतोच आहे मी. गाडी मी चालवणार."

भाभींनी शेजारच्या सदरांकडे पाहिलं. सदरांनी दाढी सोडली. "त्याचाही ठराव झालाय, नूरुद्दीन. साठीपुढचा ड्रायव्हर नको. पोरींची जबाबदारी आहे. अदिबा चालवणार. चिपळूणला रीतसर शिकलीये."

अदिबा म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. आता अख्खी खोली मोकळेपणानं हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसला नौशाद. "चाचा, लायसन्स राज्य देतं म्हणे."

"देतं," नूरुद्दीनभाई म्हणाले. "देऊ दे."

परतीच्या वाटेवर ते नेहमीसारखेच सरळ बसून गाडी हाकत होते. मला वाटलं, धीर द्यावा. त्यांना गरज नव्हती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "दादा, तुमचं स्टेज राहिलं."

"स्टेजचं काय. मी पिंपावर फळ्या टाकून राजा झालेला माणूस आहे."

"मिनेसोटा एक बोलायचा," ते म्हणाले. "की वॉशिंग्टननं पैसा द्यावा आणि वर चार शब्द ऐकूनही घ्यावेत, त्यासाठीच ते असतं. तेव्हा मला पटायचं नाही." सिग्नल हिरवा झाला. "आताही पूर्ण पटलेलं नाही."

दोन महिन्यांनी ते गेले. कंपनीनं केक कापला, मनीषनं त्यांना विमानतळावर सोडलं. त्या दिवशी नूरुद्दीनभाईंना मागे बसवून मनीष स्वतः चालवत होता. वाटेत त्यांनी एकदाही लेन बदला म्हटलं नाही, पण आरशात बघून घेत होते, असं मनीष म्हणाला.

मी अजून दम्माममध्येच होतो तेव्हा त्यांचा फोन आला. सकाळची वेळ, मागे मुलींचा गलका. गाडी आली होती, जुनी पण दणकट. अदिबा चालवत होती आणि पहिला आठवडा सोबतीला बसायची परवानगी त्यांनी जमातीकडून रीतसर मागून घेतली होती.

"पुढे बसलात?" मी विचारलं.

"पुढे एक मुलगी बसलीये, तिला गाडी लागते. मी मागे. शेवटच्या सीटवर."

"मग? खड्डे दिसतात का तिथून?"

फोनमध्ये एक दणका ऐकू आला आणि मुलींचं हसणं.

"दिसत नाहीत, दादा," ते म्हणाले. "लागतात."